व्हीएम गोठते आणि आपोआप सुटते: आधी सेकंद मोजा, मग रॅक उघडा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पट्ट्यातले कारखाने, आजूबाजूचे साखर कारखाने आणि कोल्हापूर शहरातल्या पतसंस्थांची मुख्य कार्यालयं, सगळीकडे साधारण एकच मांडणी दिसते. दोन किंवा तीन होस्ट (मोठे सर्व्हर), एक आयस्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून होस्टना डिस्क देणारी पेटी), मध्ये एक किंवा दोन स्विच आणि त्यावर दहा-पंधरा व्हीएम (होस्टच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर). दोष येतो तोही एकाच जातीचा: व्हीएम अधूनमधून गोठते आणि कुणी काही न करता पुन्हा चालू होते. मग 'रॅम वाढवा' म्हणून पैसे खर्च होतात, रॅम वाढते आणि दोष जागेवरच राहतो. कारण यातले बहुतेक दोष होस्ट आणि डिस्क यांच्यामधल्या वाटेवर असतात, रॅमशी त्यांचा संबंध नसतो.

खाली तपासण्यांचा क्रम फुकट आणि सोप्यापासून महाग आणि अवघडाकडे लावला आहे. तो मोडू नका. शेवटची तपासणी आधी केली, तर पहिल्या तपासणीत सापडणाऱ्या दोषावर लाखभराचा कंट्रोलर बसतो.

लक्षणं

ईआरपी, टॅली किंवा ऊसकाट्याचं सॉफ्टवेअर पडद्यावर तसंच उभं राहतं. माउस हलतो, पण क्लिक लागत नाही. थोड्या वेळाने दाबलेल्या सगळ्या क्लिक एकदम लागतात आणि काट्यावर एकाच ट्रॉलीच्या दोन पावत्या निघतात.

त्या काळात व्हीएमला पिंग केलं तर उत्तर येत राहतं. हे लक्षण सगळ्यांत महत्त्वाचं. पिंगचं उत्तर मेमरीतून जातं, त्याला डिस्क लागत नाही. पिंग चालू आणि लॉगिन बंद असेल, तर डिस्क अडकली आहे असं समजून चाला.

विंडोज व्हीएममध्ये टास्क मॅनेजर उघडता आला तर सीपीयू निवांत आणि डिस्क १०० टक्के दिसते. सिस्टीम लॉगमध्ये १२९ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी सापडतात. १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ती रीसेट केली, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. लिनक्स व्हीएम जास्त काळ अडकली तर तिची फाइलसिस्टीम फक्त-वाचन स्थितीत जाते, आणि ती मात्र आपोआप सुटत नाही, रीस्टार्टच करावी लागते. ईएसएक्सआय (व्हीएम चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) होस्टच्या इव्हेंटमध्ये 'लॉस्ट ॲक्सेस टू व्हॉल्यूम' आणि थोड्या वेळाने 'सक्सेसफुली रिस्टोअर्ड' अशी जोडी दिसते. प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या प्रणालीत नोडच्या, म्हणजे होस्टच्या, समरी पानावर आयओ डिलेचा (डिस्कसाठी थांबण्याचा) आलेख सुळक्यासारखा वर जातो.

एकाच माणसाचा पीसी अडकत असेल तर हे टिपण त्याच्यासाठी नाही. पिंगही तुटत असेल आणि होस्ट ठीक असेल, तर ते साधं नेटवर्क प्रकरण आहे, ते वेगळं सोडवा.

तपासणी शून्य: वही आणि घड्याळ

स्टोअर, काटा, कॅश काउंटर, जिथून तक्रार येते तिथे एक वही ठेवा. तीनच रकाने: किती वाजता अडकलं, किती सेकंद अडकलं, त्या वेळी आणखी काय चाललं होतं. अंदाजे नको, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. पाच-सहा नोंदी पुरतात.

एवढं सेकंदांवर अडून बसायचं कारण असं, की प्रत्येक यंत्रणेचा थांबण्याचा वेळ ठरलेला असतो. दोन ते दहा सेकंदांचा हिसका बहुधा स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) बनवताना किंवा पुसताना बसतो. बरोबर ३० सेकंद, कधी ५० पर्यंत, असेल तर स्विचच्या स्पॅनिंग ट्रीवर (केबलचं वेटोळं झालं तर पोर्ट अडवणारी सोय) संशय घ्या. जुन्या पद्धतीत पोर्ट चालू व्हायला १५ अधिक १५ सेकंद लागतात. पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यान हलता आकडा येत असेल, तर एक वाट मुकाट्याने मेली आणि आयस्कझीला ते उशिरा कळलं, असंही असू शकतं. ईएसएक्सआय दर १५ सेकंदांनी हाक मारतो, १० सेकंद उत्तराची वाट बघतो आणि आणखी १० सेकंद जोडणी सावरायला देतो. दोन ते पाच मिनिटांचा खोळंबा म्हणजे मधलं एखादं यंत्र बंद पडून पुन्हा चालू झालं. आणि काही मोजताच येत नाही, सगळं दिवसभर चिकटचिकट चालतं, अशी तऱ्हा असेल तर स्टोरेजची कॅश, भरलेली जागा किंवा खरोखरचा भार.

त्याआधी सगळ्या होस्टची, स्टोरेजची आणि स्विचची घड्याळं एका एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरवर आणा. स्विच सात मिनिटं मागे असेल तर लॉग एकमेकांना जुळत नाहीत आणि वहीचाही उपयोग होत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी घड्याळं जुळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं तसंही बंधनकारक आहे.

तपासणी एक: कुठली वायर कुठल्या सॉकेटमध्ये

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. तरी ही तपासणी सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते.

स्टोरेज यूपीएसवर असतं, होस्ट यूपीएसवर असतात आणि मधल्या स्विचची पिन भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये असते. रॅक लावताना यूपीएसच्या पट्टीत जागा उरली नव्हती, एवढंच कारण. लाईट जाते, जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत उचलतो, ट्यूबलाईट लागतात, सगळ्यांना वाटतं काही झालंच नाही. पण स्विच बंद होऊन पुन्हा उभा राहायला दोन ते पाच मिनिटं घेतो आणि तेवढा वेळ सगळ्या व्हीएमच्या पायाखाली डिस्कच नसते. ईएसएक्सआयमध्ये १४० सेकंदांनंतर होस्ट त्या स्टोरेजची आशा सोडतो आणि स्वतःचं नवीन वाचन-लेखन तिथल्या तिथे नाकारायला लागतो, व्हीएमचं मात्र पुन्हा पुन्हा करून बघत राहतो.

स्विचच्या वेब पानावर अपटाइम (किती वेळ सलग चालू आहे) बघा. होस्ट २१० दिवस चालू आणि स्विच कालपासून, असं दिसलं की शोध संपला.

मग एकेक वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा, लेबलवर विश्वास ठेवू नका. होस्टला आणि स्टोरेजला दोन पॉवर सप्लाय असतात. ते दोन्ही एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत असतील तर दुसरा सप्लाय शोभेचा आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं टिकतात, तेही २५ अंशांच्या आसपास. दर आठ-दहा अंश वाढीला आयुष्य निम्मं होतं, आणि यूपीएस नेमका एसी नसलेल्या पॅसेजमध्ये ठेवलेला असतो.

फौंड्रीवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. वहीतल्या वेळा इंडक्शन फर्नेसच्या मेल्टच्या वेळांशी जुळतात का? भट्टी उचलताना व्होल्टेज दबतं, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) येतात आणि स्वस्तातला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस दर वेळी बॅटरीवर उडी मारतो. त्या उडीत काही मिलिसेकंद जातात आणि कमकुवत ॲडॅप्टरवरचा छोटा स्विच तेवढ्यात रीस्टार्ट होतो. सर्व्हर रूमला ऑनलाइन डबल-कन्व्हर्जन यूपीएस आणि भट्टीपासून वेगळा फीडर लागतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आयटीचं काम थांबवा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. मल्टिमीटर घेऊन स्वतः पॅनेल उघडू नका.

तपासणी दोन: जागा आणि विसरलेले स्नॅपशॉट

डेटास्टोअरमध्ये (व्हीएमच्या डिस्क फाइल ठेवायच्या जागेत) किती जागा मोकळी आहे? १५ ते २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बाकी सगळं सोडून आधी हे. झेडएफएस या फाइलसिस्टीमवर तर ८० टक्क्यांच्या पुढे वेग आपोआप मंदावतो.

इथे एक फसगत आहे. डेटास्टोअर मोकळा दिसतो, पण स्टोरेजच्या आत जागा थिन पद्धतीने, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त कबूल करून, वाटलेली असते: पूल (डिस्कांचा एकत्र साठा) १० टीबीचा आणि वाटप १६ टीबीचं. होस्टला ३ टीबी मोकळी दिसते आणि पूल ९९ टक्के भरलेला असतो. पूल भरला की कुठल्याही इशाऱ्याविना लेखन थांबतं. म्हणून होस्टचा आकडा आणि स्टोरेजच्या स्वतःच्या पानावरचा पूलचा आकडा, दोन्ही बघा. प्रॉक्समॉक्सच्या एलव्हीएम-थिनमध्ये डेटाचा टक्का आणि मेटाडेटाचा (कुठली जागा कुणाला दिली या नोंदींचा) टक्का वेगवेगळा असतो. मेटाडेटा भरला तरी सगळं थांबतं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये अशी व्हीएम 'पॉज्ड क्रिटिकल' दाखवते, ती निदान स्पष्ट बोलते.

आता स्नॅपशॉट. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्कला कुलूप लागतं आणि पुढचं प्रत्येक लेखन नव्या डेल्टा फाइलमध्ये जातं. ही फाइल वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. वाचताना होस्टला आधी डेल्टा, मग तिच्या खालची, मग मूळ असं उतरावं लागतं. व्हीएमवेअर स्वतः सांगतं की साखळीत दोन-तीनपेक्षा जास्त नकोत आणि एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. प्रत्यक्षात 'ईआरपी अपडेटआधी' या नावाचा, मागच्या गळीत हंगामातला स्नॅपशॉट या हंगामातही तसाच असतो.

तो तसाच राहण्याचं कारण एका शब्दाची भीती. 'डिलीट' म्हटल्यावर वाटतं की डेटा जाईल. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट डिलीट करणं म्हणजे डेल्टातला माल मूळ डिस्कमध्ये ओतणं, आजचा डेटा आजचाच राहतो. घातक बटण दुसरं आहे: 'रिव्हर्ट'. ते दाबलं की व्हीएम स्नॅपशॉट घेतलेल्या दिवसावर परत जाते आणि मधले सगळे महिने पुसले जातात. फोनवर कुणाला सांगताना हे दोन शब्द दोनदा वदवून घ्या.

डिलीट करण्याआधी चार गोष्टी. ताजा बॅकअप आहे आणि तो उघडून पाहिला आहे. डेटास्टोअरमध्ये जागा आहे, कारण ओतणं चालू असताना नवीन लेखनासाठी तात्पुरती डेल्टा तयार होते. वेळ सुट्टीच्या आदल्या रात्रीची आहे, कारण तीनशे जीबीची डेल्टा हळू डिस्कवर कित्येक तास घेते. आणि टक्का ९९ वर अडकलेला दिसला तरी कुणी होस्ट रीस्टार्ट करणार नाही. त्या ९९ वर बरंच काम बाकी असतं, पडदा खोटं बोलतो.

स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. व्हीएमच्या फोल्डरमध्ये जाऊन ०००००१, ०००००२ अशा आकड्यांच्या डिस्क फाइल आहेत का ते बघा. बॅकअप मध्येच तुटला की त्याचा स्नॅपशॉट यादीत न दिसता मागे राहतो, आणि होस्ट 'कन्सॉलिडेशन नीडेड' म्हणत राहतो. कन्सॉलिडेट केल्यावर (उरलेल्या डेल्टा मूळ डिस्कमध्ये ओतल्यावर) फाइल लॉक असल्याची त्रुटी आली, तर बॅकअप प्रॉक्सीच्या, म्हणजे बॅकअप घेणाऱ्या, व्हीएमची सेटिंग्ज उघडा. तिथे दुसऱ्याच व्हीएमची डिस्क अजून चिकटलेली सापडते. ती तिथून फक्त काढायची. काढताना 'डिस्कवरून फाइल पुसा' हा पर्याय चुकूनही निवडायचा नाही, ती फाइल तुमच्या चालू ईआरपीची आहे.

एखादी डेल्टा एका रात्रीत अचानक शेकडो जीबीने वाढली आणि बॅकअपचं कारण सापडत नाही, तर स्नॅपशॉट पुसूच नका. व्हीएमच्या आत सगळ्या फाइल कुणीतरी एन्क्रिप्ट करत असेल तेव्हाही डेल्टा अशीच फुगते. त्या व्हीएमचं नेटवर्क तोडा आणि खाली 'कुठे थांबायचं' तिथे जा.

तपासणी तीन: वेळापत्रकांची गर्दी

वहीतल्या वेळा गोल आकड्यांना येतात का? दुपारी १२, रात्री ९, शुक्रवार. मग कुठल्यातरी वेळापत्रकाचा तो परिणाम आहे. बॅकअप, अँटीव्हायरसचा फुल स्कॅन, विंडोज अपडेट, डेटाबेसचं मेंटेनन्स आणि स्टोरेजचं पॅट्रोल रीड (डिस्कची आपोआप होणारी तपासणी), या पाचांच्या वेळा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. पंधरा व्हीएमवर अँटीव्हायरसची मूळ वेळ कुणीच बदललेली नसते, त्यामुळे पंधरा स्कॅन एकाच मिनिटाला एकाच डिस्कसंचावर पडतात. प्रत्येकात वीस मिनिटांचं अंतर टाका. साखर कारखान्याचा काटा हंगामात २४ तास चालतो, तिथे 'रात्री सगळं करू' हे गृहीतच चुकतं. शिफ्ट बदलताना गाड्या कमी असतात तो अर्धा तास शोधा.

तपासणी चार: उष्णता, धूळ, ओल

होस्टच्या पुढच्या बाजूला, म्हणजे हवा आत घेते तिथे, १८ ते २७ अंश हवेत. एसी जनरेटरवर आहे का तेही विचारा. फौंड्रीतली धूळ साध्या घरातल्या धुळीसारखी नसते. तिच्यात लोखंड आणि कार्बन असतो, ती वीज वाहते. फिल्टर मॅट पंधरा दिवसांनी झाडा. शॉप-फ्लोअरवरच्या कॉम्प्रेसरची हवा सर्व्हरवर मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. तळमजल्यावर रॅक असेल आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात तिथे ओल पोहोचली असेल, तर पॅच पॅनेलच्या पिना टॉर्च लावून बघा. हिरवट झालेल्या पिना पावसाळ्यात दोष देतात आणि उन्हाळ्यात नाही.

तपासणी पाच: केबल आणि पोर्ट

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक तार तुटली की कार्ड आणि स्विच आपापसांत ठरवून मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा हिरवाच राहतो. होस्टच्या नेटवर्क ॲडॅप्टरच्या यादीत आणि स्विचच्या पोर्ट यादीत वेग वाचा. स्टोरेजच्या वाटेवर कुठेही १०० दिसलं तर ती केबल काढून फेका. हाताने क्रिम्प केलेली असेल तर आधीच फेका, कंपनीतून जोडून आलेली कॅट-६ पॅचकॉर्ड दोन-तीनशे रुपयांत येते.

वेग बरोबर असला तरी स्विचवर प्रत्येक पोर्टचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) बघा. एकूण आकड्याला अर्थ नाही, तो दोन वर्षांपूर्वीचाही असेल. काउंटर शून्य करा, २४ तासांनी बघा. वाढले असतील तर केबल बदला, मग पोर्ट बदला, मग एसएफपी (स्विचमध्ये खुपसायचा जोड). एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. फायबर असेल तर टोक क्लीनरने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलेलं फायबर पुसलेलं नसतं.

याच फेरीत दोन गोष्टी उरकून घ्या. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर स्टोरेजच्याच स्विचवर लावलाय का? असेल तर तिथून हलवा. आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशीन किंवा नवा प्रिंटर स्टोरेजचाच आयपी घेऊन बसलाय का? होस्टच्या एआरपी तक्त्यात (कुठला आयपी कुठल्या यंत्राचा याची यादी) स्टोरेजचा मॅक पत्ता सगळं ठीक असताना लिहून ठेवा, अडकल्यावर पुन्हा बघा. दोन वेगळे आले तर चोर सापडला. स्टोरेजचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचमध्ये आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये), गेटवेशिवाय ठेवलं की हा प्रकार पुन्हा होत नाही.

तपासणी सहा: जंबो फ्रेम

ओळखण्याची खूण अशी: छोटं सगळं चालतं, मोठं अडकतं. पिंग जातं, लॉगिन होतं, मोठी फाइल किंवा बॅकअप सुरू केला की गोठतं. कारण होस्ट ९००० बाइटचा जंबो फ्रेम (डेटाचा गठ्ठा, नेहमीचा १५०० चा असतो) पाठवतो आणि मधलं एखादं यंत्र १५०० च्या पुढचं गुपचूप टाकून देतं.

ईएसएक्सआयवर व्हीएमकेपिंगला (होस्टच्या पिंगच्या आज्ञेला) 'तुकडे करू नको' हा पर्याय आणि ८९७२ हा आकार द्या. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंगचे) ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. प्रत्येक होस्टवरून, प्रत्येक स्टोरेज पोर्टकडे. नुसतं ९००० टाकलं तर सगळं ठीक असतानाही नापास होतं. १४७२ जातं आणि ८९७२ जात नाही, तर दोष इथेच. व्हर्च्युअल स्विच, व्हीएमकर्नल पोर्ट (होस्ट स्वतः स्टोरेजशी बोलतो तो), खरा स्विच आणि स्टोरेज, चारही ठिकाणी बघा. खऱ्या स्विचवर बहुधा ९२१६ ठेवतात. बहुतेक वेळा व्हर्च्युअल स्विचवर बदललेलं असतं आणि व्हीएमकर्नल पोर्टवर राहून गेलेलं असतं, किंवा जळालेला स्विच बदलताना नव्यावर कुणी सेटिंगच केलेलं नसतं.

आमचं मत विचाराल तर १ गिगाबिटच्या मांडणीत जंबो फ्रेमचा फायदा नगण्य आणि कटकट कायमची. सगळीकडे १५०० करा आणि विसरून जा.

तपासणी सात: स्पॅनिंग ट्री आणि लूप

वहीत ३० सेकंद आले असतील तर इथे या. कुणीतरी टेबलाखालच्या आठ-पोर्टच्या स्विचची केबल दोन्ही बाजूंनी भिंतीत लावली, की जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट पुन्हा ऐकायला आणि शिकायला बसतो. स्विचच्या लॉगमध्ये 'टोपॉलॉजी चेंज'च्या वेळा वहीशी जुळवा. उपाय: रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू करा, होस्ट आणि स्टोरेजचे पोर्ट एज (टोकाचे) म्हणून नोंदवा, लूप प्रोटेक्शन लावा. स्पॅनिंग ट्री बंद करून टाकणं हा उपाय नाही, पुढच्या लूपला सगळं कार्यालय बसेल.

तपासणी आठ: दोन वाटा खरोखर दोन आहेत का

होस्टवर प्रत्येक एलयूएनच्या (स्टोरेजने दिलेल्या डिस्कच्या) वाटा मोजा. दोन दिसतात? त्या दोन वेगळ्या कार्डांवरून, दोन वेगळ्या स्विचवरून, स्टोरेजच्या दोन वेगळ्या कंट्रोलरकडे जातात का? अनेक ठिकाणी दोन आयपी एकाच कार्डावर असतात, म्हणजे वाट एकच आणि पाट्या दोन. सुट्टीच्या दिवशी, बॅकअप झाल्यावर, एका व्हीएममध्ये मोठी फाइल कॉपीला लावा आणि एक केबल काढा. काही सेकंद थांबून कॉपी पुढे गेली पाहिजे. केबल परत लावून दोन्ही वाटा ॲक्टिव्ह झाल्याची खात्री करा, मगच दुसरी काढा. ही खात्री न करता दुसरी काढणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्टोरेज बंद करणं.

सोबत व्हीएममध्ये व्हीएमवेअर टूल्स आहेत का बघा. ते असले की विंडोज डिस्कची ६० सेकंद वाट बघतं आणि लिनक्स १८० सेकंद. नसले तर लिनक्स ३० वरच हात टेकतं.

तपासणी नऊ: कंट्रोलरची बॅटरी आणि डिस्क

'पूर्वी छान चालायचं, दोन-तीन महिन्यांपासून दिवसभर संथ आहे' ही तक्रार आली की रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एक संच म्हणून चालवणाऱ्या कार्डाच्या) कॅशची बॅटरी बघा. बॅटरी ठीक असते तेव्हा लेखन कॅशमध्ये पडलं की लगेच 'झालं' असं उत्तर जातं, याला राइट-बॅक म्हणतात. बॅटरी म्हातारी झाली की कंट्रोलर सुरक्षिततेसाठी राइट-थ्रूवर जातो आणि प्रत्येक लेखन डिस्कच्या तबकडीवर पोहोचेपर्यंत थांबतं. जुन्या कंट्रोलरमध्ये बॅटरी दर काही महिन्यांनी स्वतःची परीक्षा घेते, तेवढे तास वेग असाच पडतो, तो दोष नव्हे. मेनूत 'बॅटरी नसतानाही राइट-बॅक' असा एक पर्याय असतो. तो लावल्यावर वेग लगेच परत येतो आणि पुढच्या वेळी लाईट गेली की कॅशमधला डेटा जातो. लावू नका, बॅटरी मागवा.

डिस्कच्या यादीत 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' दिसत असेल तर डिस्क अजून चालू असली तरी बदला. मरायला टेकलेली डिस्क एकेका वाचनाला अनेकदा प्रयत्न करते आणि तिच्यासाठी सगळा संच खोळंबतो.

तपासणी दहा: भारच जास्त आहे

सगळं ठीक निघालं, तर हिशेब करा. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला वाचन-लेखनाची साधारण ७५ कामं करते. सहा डिस्क म्हणजे ४५०. रेड-६ मध्ये एका लेखनामागे सहा कामं होतात, रेड-१० मध्ये दोन. ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन धरलं तर रेड-६ चा संच व्हीएमना सेकंदाला फक्त १८० कामं देतो, तोच संच रेड-१० मध्ये सुमारे ३४५. पंधरा व्हीएमना १८० म्हणजे प्रत्येकीला बारा. यात डेटाबेस चालत नाही.

मोजायचं असेल तर ईएसएक्सटॉप (ईएसएक्सआयचं मोजमापाचं साधन) उघडा, यू ही कळ दाबा. डीएव्हीजी म्हणजे स्टोरेज आणि वाटेचा वेळ, केएव्हीजी म्हणजे होस्टच्या आतली रांग, जीएव्हीजी म्हणजे दोन्हींची बेरीज. जीएव्हीजी सतत २० ते २५ मिलिसेकंदांच्या वर आणि त्यात डीएव्हीजीच मोठा, तर स्टोरेज किंवा वाट. केएव्हीजी दोनच्या वर राहत असेल तर होस्टमध्येच रांग लागली आहे. अशा वेळी डेटाबेसची व्हीएम एसएसडीच्या संचावर हलवा. सगळं स्टोरेज बदलायची गरज क्वचित पडते.

कुठे थांबायचं

रेड-५ मध्ये एक डिस्क गेलेली आणि दुसरी लाल किंवा पिवळी: डिस्कना हात लावू नका. डिस्क काढून-घालून बघू नका, क्रम बदलू नका, 'फोर्स ऑनलाइन' किंवा 'इनिशियलाइज' दाबू नका. शक्य असेल तेवढा डेटा बाहेर कॉपी करा आणि डेटा रिकव्हरी जाणणाऱ्याला बोलवा.

डेटास्टोअर गायब होऊन होस्ट 'नवीन डिस्क, फॉरमॅट करायची का' विचारत असेल, तर उत्तर नाही. तिथून पुढे तज्ज्ञाचं काम.

डेटास्टोअर पूर्ण भरला आणि स्नॅपशॉटची लांब साखळी आहे, तर जागा करण्यासाठी हाताने डेल्टा फाइल पुसू नका. साखळीतला मधला एक दुवा गेला की वरचं सगळं गेलं.

रॅन्समवेअरचा (फाइल एन्क्रिप्ट करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) संशय आला तर मशीन बंद न करता नेटवर्क तोडा आणि व्यवस्थापनाला कळवा. सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवायचं असतं.

स्टोरेजचं फर्मवेअर अपडेट चालू सपोर्टशिवाय करू नका. ईएसएक्सआयची आवृत्ती जुनी असेल तर हाही विचार हवा, कारण व्हीस्फिअर (ईएसएक्सआय ज्याचा भाग आहे तो संच) ६.५ आणि ६.७ चा सर्वसाधारण सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला आणि ७ चा २ ऑक्टोबर २०२५ ला.

बोलावलेल्या माणसाच्या हातात द्यायचं ते असं: वहीची पानं, स्विचचा अपटाइम आणि पोर्ट एररचे फोटो, पूलच्या जागेचा फोटो, कुठली वायर कुठे याचं हाताने काढलेलं चित्र आणि होस्टचं सपोर्ट बंडल (लॉगचा गठ्ठा). बंडल रीस्टार्टच्या आधी काढा. यूएसबी किंवा एसडी कार्डवरून चालणाऱ्या ईएसएक्सआयमध्ये लॉग वेगळ्या जागी वळवलेले नसतील तर ते मेमरीतच असतात, आणि 'एकदा बंद-चालू करून बघू' म्हटल्यावर सगळ्यांत आधी तेच पुसले जातात.